तेलाच्या डब्यातला झेंडू

कौशल्याबाई जगतापांना फतेगंजातलं नवं घर पहिल्या दिवसापासून आवडलं नाही, आणि ते आवडू नये म्हणून त्यांनी मनापासून मेहनतही घेतली. नळ सोडला की त्या म्हणायच्या, वाडीतल्या आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं. त्या विहिरीचं पाणी कित्येक वर्षांत कुणी तोंडात घेतलं नव्हतं, पण नवऱ्याला टोचायला ते अजून चांगलं होतं. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची खिडकी, आणि तिच्यात दात घासत उभा असलेला कुणीतरी परका माणूस. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर थांबून त्या मोठ्याने सुस्कारा टाकायच्या, तो मागून पिशव्या घेऊन येणाऱ्या संपतरावांसाठी असायचा.

सत्त्याण्णव साल ते. बडोद्यात तेव्हा जो तो कॉम्प्लेक्सची भाषा बोलत होता. वाडी भागातल्या जुन्या घरांवर बिल्डरांचा डोळा होता, आणि जगतापांचं घर नेमकं हमरस्त्यावर. संपतराव केमिकल कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेले, गुडघे दुखणारे, कधीच कुणाला नाही न म्हणणारे. धाकटे फत्तेसिंहराव मात्र काळाच्या पुढे चार पावलं. कारखान्यांना गाड्या आणि माणसं पुरवायचा त्यांचा धंदा, पाणीगेटच्या बाहेर बांधलेला बंगला, पुढे हिरवळ, मागे माळी. दोघा भावांनी घर विकलं. कौशल्याबाईंना विचारलं ते पेढे वाटताना.

घर गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण खरी धास्ती वेगळी होती. ती तलवारीची.

जगतापांचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. ती तलवार काही लढाईत चाललेली नव्हती, मिरवणुकीच्या घोड्यावर बसताना पणजोबांच्या कमरेला असायची एवढंच. पण दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि त्या पूजेला घराण्याचा एक नियम होता. तलवारीला माळ घालायची ती घरच्या झेंडूची. विकतचं फूल चालायचं नाही. कुणा आजेसासूने एका वर्षी मंडईतली फुलं वाहिली आणि त्याच साली पागेतलं घोडं दगावलं, असं सांगत. माळ सुकली की तिचंच बी काढून ठेवायचं, आषाढात पेरायचं. हे काम थोरल्या सुनेचं. तलवारही तिच्याच ताब्यात.

कौशल्याबाई सावली तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या, शिक्षण चौथीपर्यंत. सासरच्या त्या भरल्या घरात त्यांचं मत कुणी कशात घेतलं नाही. भाजी कुठली करायची तेसुद्धा सासूबाई सांगायच्या. पण दसऱ्याच्या सकाळी सगळं घर, अगदी मिशीवाले सासरेसुद्धा, हात जोडून त्यांची वाट बघत उभं राहायचं. परसातून परडी भरून त्या येईपर्यंत तलवारीला कुणी हात लावायचं नाही. वर्षातली ती एक सकाळ त्यांची होती. बाकीचे दिवस त्यांनी तिच्याच जोरावर काढले होते, आणि आता परसच नव्हतं.

वास्तुशांतीच्या जेवणात जाऊबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. स्नेहलता म्हणजे फत्तेसिंहरावांची बायको. बोलणं साखरेसारखं, आणि त्या साखरेत मुंग्या.

"वहिनीसाहेब, घर छान आहे हं," ती पुरी तोडत म्हणाली. "फक्त माती नाही. दसऱ्याला आता झेंडू कुठून आणणार? का मंडईतून?"

"आमच्याकडे जागा आहे, माळी आहे," फत्तेसिंहराव म्हणाले. "वहिनी, मी म्हणतो, खोटी माथाकूट कशाला करता? तलवार आमच्या हॉलमध्ये शोभेल. तुम्हाला कधीही दर्शनाला यायला मोकळं आहे."

पंगतीत बसलेले सगळे कौशल्याबाईंकडे बघायला लागले. स्वतःच्या घरच्या तलवारीचं दर्शन घ्यायला पाहुणीसारखं जायचं, या विचाराने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डब्यात लावीन," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला बघायला या. माळ या घरची नसली तर तलवार उचलून न्या, मी आडवी येणार नाही."

"बघा हं वहिनी, शब्द दिलात."

"जगतापांच्या सुनेचा आहे."

संपतराव त्या वेळी बासुंदीची वाटी तोंडाला लावून बसले होते. ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलतील अशी कौशल्याबाईंची अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. वाडीतल्या घराला अजून कुदळ लागली नव्हती, म्हणून परसातली माती पोत्यांत भरून रिक्षाने आणली. रिक्षावाला कुरकुरला, 'माजी, आ तो माटी छे, सोनुं नथी', तर त्यांनी त्याला असं काही ऐकवलं की त्याने मुकाट्याने पोती जिन्यापर्यंत नेऊन दिली. कुंड्या महाग आणि जड, म्हणून सिंगतेलाचे, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचे, रिकामे पत्र्याचे डबे जमवले. त्यांची झाकणं संपतरावांकडून कापून घेतली. त्यात संपतरावांचा अंगठा कापला, तर त्यावर हळद दाबून पुढचा डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला. डबे गॅलरीत ओळीने मांडले आणि आषाढ लागताच बी पेरलं. सगळं बी एकदम पेरायचं नाही ही सासूबाईंची शिकवण, म्हणून मूठभर फडक्यात बांधून देवघरात ठेवलं.

डब्यांना खाली भोकं पाडायची असतात हे त्यांना माहीत नव्हतं. परसातली माती पाणी पिऊन टाकते. डब्यातली पिईल कुठे? दोन दिवस पावसाची झड लागली आणि डबे हौदासारखे भरले. कोंब कुजायला लागले तेव्हा त्यांनी खिळा आणि बत्ता घेऊन भर दुपारी डब्यांच्या बुडाला भोकं ठोकली. पाणी निघालं. गंज आणि माती घेऊन ते गॅलरीच्या कडेवरून थेट खालच्या मजल्यावर उतरलं, जिथे अरविंदराव कारखानिसांचे पांढरेशुभ्र शर्ट दोरीवर वाळत होते.

कारखानीस हे संस्थानच्या जुन्या कारभाऱ्यांचं घराणं. तीन पिढ्या कचेरीत घालवलेली माणसं. अरविंदराव बँकेतून निवृत्त झालेले आणि मवाळ. त्यांची बायको वत्सलाबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेली आणि मुळीच मवाळ नसलेली. तिच्या गॅलरीत नीटनेटक्या गेरू लावलेल्या कुंड्या, प्रत्येक कुंडीखाली बशी. ती डाग पडलेला शर्ट हातात धरूनच वर आली.

"जगतापवहिनी, हे काय आहे?"

"शर्ट आहे," कौशल्याबाई म्हणाल्या.

"डब्यांखाली बशा ठेवायच्या असतात. इतकं साधं कळायला हवं."

"आम्हाला परसात झाडं लावायची सवय. बशा आम्ही चहासाठी ठेवतो."

वत्सलाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मग उघडले. "खरं आहे. पागेतल्या लोकांना घरं धुवायची सवय नसणारच. माझे आजेसासरे पागेच्या कचेरीत होते. त्यांच्या सहीशिवाय तुमच्या घोड्यांना चंदीसुद्धा मिळत नव्हती."

"आणि आमच्या घोड्यांशिवाय तुमच्या सहीला कोण विचारत होतं?"

संस्थान बुडून पन्नास वर्षं होत आली होती, घोडे गेले, कचेऱ्या गेल्या, पण तिसऱ्या मजल्याच्या दारात तलवार आणि लेखणी अशा भिडल्या की संपतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी सोसायटीच्या मंडळींनी मध्ये पडून तोड काढली. डबे वर अगाशीत न्यायचे. बडोद्यात गच्चीला अगाशी म्हणतात, आणि ती सगळ्यांची असते, म्हणजे भांडायला सगळ्यांना मोकळी. कौशल्याबाईंनी एकेक डबा छातीशी धरून वर नेला. संपतरावांचे गुडघे त्या दिवशी विशेष दुखत होते.

अगाशीत ऊन चांगलं होतं. रोपं वितीएवढी झाली, पानं गर्द झाली, आणि इथेच कौशल्याबाईंचा घराण्याचा अभिमान आडवा आला. परसातल्या झेंडूला जगताप पिढ्यान्‌पिढ्या घोड्याची लीद घालत आले होते. शेणखत बाकीच्या लोकांसाठी, शिलेदाराच्या घरी लीद. पाग गेल्यावरही सासरे कुठून कुठून ती पैदा करायचे आणि विहिरीमागच्या खड्ड्यात टाकायचे. नव्या घराजवळ लग्नाच्या वरातीची घोडी ठेवणाऱ्याचा तबेला होता. कौशल्याबाई तिथून पाट्या भरून ओली लीद घेऊन आल्या. नवरदेव मिरवणाऱ्या घोडीची का असेना, लीद ती लीद.

वत्सलाबाई अगाशीत लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायला आल्या होत्या. त्यांनी डब्यात काय चाललंय ते पाहिलं. शर्टाच्या प्रकरणानंतर दोघींचं बोलणं बंद होतं, तरी त्यांच्यातली मास्तरीण गप्प बसेना.

"ती ताजी आहे. डब्यात घालू नका. रोपं जळतील."

कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. एका कारकुनाच्या घरातल्या बाईने जगतापांच्या सुनेला घोड्याची लीद शिकवावी, म्हणजे हद्दच झाली. त्यांनी प्रत्येक डब्यात आणखी एकेक ओंजळ जास्त घातली, वत्सलाबाईंना दिसेल अशी.

चार-सहा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग माना पडल्या. एका सकाळी कौशल्याबाई वर गेल्या तर ओळच्या ओळ करपून उभी होती, जणू कुणी वरून उकळतं पाणी ओतलं होतं. तोच विचार त्यांच्या मनात आला आणि घर करून बसला. अगाशी सगळ्यांची. कुणीही येतं, जातं. रोपं जळतील हे आधीच कुणाला माहीत होतं?

त्या तशाच खाली उतरल्या आणि कारखानिसांचं दार बडवलं. अरविंदरावांनी दार उघडलं आणि बायकोला हाक मारून स्वतः आत निघून गेले.

"माझ्या झाडांवर काय ओतलंत?" कौशल्याबाईंनी विचारलं. आवाज चढला होता, आणि वरच्या-खालच्या मजल्यांवर दारं किलकिली झाली.

वत्सलाबाईंनी पायात चपला सरकवल्या, कौशल्याबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना जिन्यावरून वर घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत मनगट असं कुणी धरलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही. कौशल्याबाई इतक्या चकित झाल्या की हात सोडवायचं सुचलं नाही.

"घाला हात," वत्सलाबाई डब्यापाशी थांबून म्हणाल्या. "आत, खोल."

कौशल्याबाईंनी मातीत बोटं खुपसली. माती गरम होती. उन्हाने वरचा थर तापतो तशी नाही, आतून, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम. त्यांनी दुसऱ्या डब्यात हात घातला, तिसऱ्यात घातला. सगळीकडे तेच.

"लीद कुजताना उष्णता सोडते. जमिनीत ती पसरून जाते, डब्यात कुठे जाणार? वर्षभर खड्ड्यात ठेवून मग वापरायची असते. तुमच्याकडे कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. सासरे खड्ड्यात टाकायचे, सासूबाई पुढच्या वर्षी तो उपसायच्या, सगळं डोळ्यांसमोर चालायचं. पण का, ते कुणी बोललं नाही, आणि सुनेने विचारायची पद्धत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान म्हणून ज्याची मिजास मारली ते अर्धंच हातात आलं होतं. कौशल्याबाई डब्यांकडे बघत उभ्या राहिल्या. चूक कळली होती. ती कबूल करायला तोंड उघडायला हवं होतं, ते मात्र उघडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

"माफी राहू द्या," वत्सलाबाई म्हणाल्या. "सगळ्या जिन्यासमोर मला चोर ठरवलंत, ते मी विसरणार नाही."

"विसरा असं मी म्हटलंच नाही," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि घरी येऊन देवघरासमोर बसून रडल्या. लाजेने रडल्या, आणि त्याहून जास्त भीतीने. श्रावण लागला होता. फडक्यात बांधलेलं मूठभर बी तेवढं उरलं होतं.

संपतरावांनी पेपरातून डोकं काढून पाहिलं. "अगं, एवढं काय त्यात. फुलं तर फुलं."

"तलवार जाईल अहो."

"जाईना. लोखंडच ते." मग बायकोचा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "तसं नव्हे. पुन्हा पेर ना. वेळ आहे अजून. चांगलं चाललंय की तुझं, सगळा दिवस कसा छान जातो."

कौशल्याबाईंनी पुन्हा पेरलं. सगळे डबे रिकामे केले, माती अगाशीत पसरून उन्हात वाळवली, चाळली, उरलेली लीद खाली नेऊन बिल्डिंगमागे खड्ड्यात पुरली. या वेळी बी मोजकंच होतं, म्हणून रोज सकाळी वर जाऊन त्या प्रत्येक कोंबाकडे तान्ह्या पोराकडे बघावं तशा बघायच्या. या खेपेला डब्यांखाली बशा होत्या. जुन्या, कडा फुटलेल्या, पण बशा. वत्सलाबाईंनी त्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं, फिरवताना ते जरा हसरं होतं असा कौशल्याबाईंना संशय आला. त्याचाही त्यांना राग आला.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण वत्सलाबाई अगाशीत आल्या की आकाशाशी बोलायच्या. "शेंडे खुडले की झेंडूला फुटवे येतात, म्हणे," त्या कपडे वाळत घालता घालता ढगांना सांगायच्या. कौशल्याबाई ऐकू न आल्यासारखं करायच्या आणि त्या खाली गेल्या की बसून सगळे शेंडे खुडायच्या. "रात्रीचं पाणी नको, बुरशी येते." दुसऱ्या दिवसापासून पाणी सकाळी. अडला हरी, दुसरं काय. उपकार घेतला नाही असं स्वतःला सांगता यावं म्हणून त्या प्रत्येक वेळी एक दिवस थांबून मगच ते करायच्या.

भाद्रपदात कळ्या दिसायला लागल्या आणि जवळच्या लष्करी कॅम्पातल्या झाडांवरून माकडं यायला लागली. काळतोंडी, लांब शेपटीची, मालकी हक्काने फिरणारी. पहिल्याच दिवशी त्यांनी एका डब्यातल्या सगळ्या कळ्या खाल्ल्या. कौशल्याबाईंनी अगाशीत मुक्काम ठोकला. दुपारचं जेवण वर, दुपारची डुलकी वर, मांडीवर संपतरावांची काठी. बाजारात जायच्या त्या वेळी वरून थाळी बडवल्याचा आवाज यायचा. थाळी कुणाची ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि एक दिवस, नवरात्र बसायच्या सुमारास, डबे पेटले. वाडीतल्या परसातही फुललं नसेल असं फूल आलं, मुठीएवढं, केशरी. खालच्या रस्त्यावरून जाणारे लोक मान वर करून बघायला लागले. सोसायटीतल्या एक बेन देवीच्या हारासाठी फुलं मागायला आल्या, त्यांना कौशल्याबाईंनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. दसरा झाल्यावर या म्हणाल्या. त्या दिवसांत त्यांनी नळाच्या पाण्याबद्दल तक्रार केली नाही आणि जिन्यात सुस्कारे टाकले नाहीत. संध्याकाळी अगाशीच्या कठड्याशी उभं राहिलं की सगळं फतेगंज दिसतं, दूर विद्यापीठाचा घुमट दिसतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. हे घर आपलं आहे असं एकदा मनात येऊन गेलं, आणि त्यांनी ते मोडून काढलं नाही.

दसऱ्याला त्यांनी पहाटे न्हाऊन फुलं काढली. माळ ओवली ती मुठीपासून टोकापर्यंत पुरेल अशी, मध्ये आंब्याची पानं. फत्तेसिंहराव आणि स्नेहलता सकाळीच आले, गाडी खाली उभी करून. कौशल्याबाईंनी त्यांना आधी अगाशीत नेलं, डबे दाखवले, मगच घरात पाट दिला. तलवार चौरंगावर होती. त्यांनी माळ आणली तेव्हा फत्तेसिंहराव उभे राहिले, संपतराव उभे राहिले, हात जोडले. कौशल्याबाईंनी घाई केली नाही. माळ घातली, कुंकू लावलं, आरती झाली.

"मान गए वहिनी," फत्तेसिंहराव म्हणाले. "डब्यात एवढी फुलं. कमाल केलीत."

"शब्द दिला होता," कौशल्याबाई म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदा हसल्या. "चहा टाकते."

"चहा राहू द्या हो, खाली गाडी आडवी लावलीय." फत्तेसिंहराव भावाकडे वळले. "दादा, निघू या ना मग? मुहूर्त अकराच्या आतच आहे म्हणतात."

स्नेहलताने पिशवीतून मखमलीचं म्यान काढलं. लाल, नवं, जरीच्या काठाचं, तलवारीच्या मापाचं. पाठोपाठ एक माळ काढली. तीही तलवारीच्याच मापाची, बंगल्यातल्या झेंडूची.

कौशल्याबाईंनी म्यानाकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे. संपतराव चौरंगाच्या पायाकडे बघत होते.

"तुम्ही सांगितलं नाहीत, दादा?" फत्तेसिंहरावांनी विचारलं. त्यांना खरोखरच अवघडल्यासारखं झालं होतं.

"काय सांगायचं होतं?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"अगं, ते घर विकतानाच ठरलं होतं," संपतराव म्हणाले. "त्याशिवाय हा सही करत नव्हता. एवढी तलवार आपण इथे कुठे लावणार, दोन खोल्यांत? त्याच्याकडे येणारे-जाणारे मोठे लोक. शोभा आहे."

"घर विकताना. म्हणजे वास्तुशांतीच्या आधी."

"हो."

"मी पंगतीत पैज लावली तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"आम्हाला वाटलं होतं दादा तुम्हाला घरी समजावतील," स्नेहलता म्हणाली. साखर कमी पडली होती.

"मग तुम्ही मला अडवलं का नाही अहो? आषाढापासून बघताय. मी डबे वर नेले, बी जाळलं, शेजारणीला चोर म्हटलं, उन्हात माकडं हाकत बसले. एकदाही तुम्हाला वाटलं नाही?"

संपतरावांनी मान वर केली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, गप्प बसायची होती. "तुझं इथे मन लागत नव्हतं," ते म्हणाले. "रोज कचकच. झाडांच्या नादात रमलीस, बरं वाटलं. म्हटलं, राहू दे. नव्या घरात रुळायला बाईमाणसाला काहीतरी लागतं."

कौशल्याबाईंना आधी वाटलं आपण ओरडणार आहोत. ओरडणं आलं नाही. इतकी वर्षं दसऱ्याच्या सकाळी हात जोडून उभे राहायचे ते सगळे, सासरे, दीर, नवरा, आपल्यासाठी उभे होते का, का तेव्हाही आपल्याला रमवतच होते, हा प्रश्न त्यांच्या मनात आला.

त्या चौरंगापाशी बसल्या आणि तलवारीवरची माळ उतरवायला लागल्या.

"वहिनीसाहेब, पूजा झालीय," स्नेहलता दचकून म्हणाली. "वाहिलेली फुलं अशी उतरवू नयेत. अपशकुन होतो."

"फुलं या घरची आहेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "तलवार आता या घरची राहिली नाही. दुसऱ्याच्या तलवारीला माझी फुलं का?"

"कौशल्या," संपतराव म्हणाले.

कौशल्याबाईंनी मुठीत अडकलेला धागा सोडवला. पातीवर चिकटलेल्या दोन पाकळ्या बोटाने काढल्या. कुंकूसुद्धा पदराने पुसून घेतलं. मग उघडी, कोरडी तलवार दोन्ही हातांनी उचलून दिरापुढे धरली. एवढ्या वर्षांत ती इतकी हलकी त्यांना कधी लागली नव्हती. फत्तेसिंहरावांनी ती घेतली खरी, पण कुठे धरावी ते त्यांना कळेना. स्नेहलताने म्यान पुढे केलं. आपली माळ तिने पुन्हा पिशवीत ठेवून दिली.

ते जिना उतरायला लागले. भावाला गाडीपर्यंत पोचवायला संपतरावही निघाले, कारण घरात थांबण्यापेक्षा ते सोपं होतं. खालच्या मजल्यावर वत्सलाबाई आपट्याची पानं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. म्यानात घालून नेली जाणारी तलवार त्यांनी पाहिली, वर कौशल्याबाईंकडे पाहिलं. सोनं द्यायला पुढे केलेला हात त्यांनी संपतरावांसमोरून मागे घेतला.

कौशल्याबाईंनी माळ हातात धरून ती तिघं दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला. थोड्या वेळाने जिन्यावर दुखऱ्या गुडघ्यांची सावकाश पावलं वाजली आणि बेल झाली. पुन्हा झाली.

"अगं, उघड," संपतराव बाहेरून म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू दे," कौशल्याबाई आतून म्हणाल्या. "माझं घर आहे. मला वाटेल तेव्हा उघडेन."

आणि त्या स्वतःपुरता चहा टाकायला आत गेल्या.